आठ जलधी, पाऊण किलो

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या डोंगराजवळ पाटणे हे गाव आहे. तिथे सापडलेला एक शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि इ.स. १२०७ मध्ये त्या मठाला देणगी मिळाली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशच्या मातीत मोठ्या संख्यांची रीतसर शाळा भरत होती. ‘लीलावती’मध्ये भास्कराचार्य एकावर एकेक शून्य चढवत जातात आणि प्रत्येक पायरीला नाव देतात. आपण लाख, कोटी, फार तर अब्जापर्यंत पोचतो. त्यांची यादी पुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू अशी चढते आणि एकावर चौदा शून्यं झाली की येतो जलधी. जलधी म्हणजे समुद्र. त्यानंतर अंत्य, मध्य, आणि सतरा शून्यांवर परार्ध. तिथे यादी थांबते.

जलधी एवढी संख्या प्रत्यक्षात कशाला लागत असेल, असा प्रश्न मला शाळेत पडला होता. ती मला लागली चोपड्याच्या गटारीचा हिशेब मांडताना.

चोपडा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला वसलेलं तालुक्याचं गाव. शहरातून रत्नावती नदी जाते. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती साधारण ७२ हजार होती. आज ती नक्कीच जास्त असेल, पण मोजलेल्या आकड्यावरच हिशेब धरलेला बरा. मुंबई-पुण्याच्या मानाने हे छोटंसं गाव. नदीच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की असल्या गावांचं नाव कुणी घेत नाही. पंचगंगा, मुळा-मुठा, मिठी यांच्यावर लेख येतात. चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, शिरपूर, शहादा ही तापी खोऱ्यातली गावं मोजण्यात कधी येतच नाहीत.

तर मोजू या. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के वापरून बाहेर पडतं असं मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. ७२ हजारांनी गुणलं की रोजचे ७७ लाख ७६ हजार लिटर होतात. अभियंते याला पावणेआठ एमएलडी म्हणतील, म्हणजे दिवसाला पावणेआठ दशलक्ष लिटर. दहा हजार लिटरचे टँकर भरले तर रोज ७७८ टँकर. एका टँकरला आठ मीटर जागा धरली तर ही रांग सव्वासहा किलोमीटर लांब होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेवढीच नवी रांग उभी राहते. सरासरी काढली तर सेकंदाला ९० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा बादल्या. पण गाव काही सरासरीने अंघोळ करत नाही. सकाळच्या घाईसाठी या वस्तीच्या शहराला सव्वादोनचा गुणक लावतात. तेव्हा दर सेकंदाला दोनशे लिटर, साडेतेरा बादल्या, गावाच्या पोटातून वाहत असतात.

आता कुणी म्हणेल, खानदेशात उन्हाळ्यात माणशी १३५ लिटर मिळतं कुठे? पाणी चार-आठ दिवसांनी येतं. हे खरं आहे. पण पाणी अर्धं केलं म्हणून घाण अर्धी होत नाही. माणूस दिवसभरात जे खातो, धुतो, सांडतो आणि टाकतो ते तेवढंच राहतं. कमी पाण्यात ते फक्त दाट होतं. मैलापाणी एक हजार भाग घेतलं तर त्यातले ९९९ भाग निव्वळ पाणी असतं. सगळी कथा उरलेल्या एका भागाची. आणि लिटरपेक्षा त्या एका भागातले ग्रॅम मोजणं महत्त्वाचं आहे.

ते ग्रॅम असे मोजतात. मैलापाण्यातली कुजणारी घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, तो आकडा काढायचा. त्याला बीओडी म्हणतात. आपल्याकडच्या प्रमाणात माणशी रोज २७ ग्रॅम धरतात. १०८ लिटरमध्ये २७ ग्रॅम, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही हे कळायला नदीच्या पाण्यात प्राणवायू किती असतो ते पाहावं लागतं. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ, खळाळत्या पाण्यात तो फार तर लिटरला साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये जवळपास २७० मिलिग्रॅम असतो. मासा आपल्यापेक्षा छत्तीसपट विरळ प्राणवायूवर जगतो. आपण दोन बोटांनी नाक दाबून धरलं तर जी तगमग होते, तिच्या काठावरच त्याचं सगळं आयुष्य जातं.

२५० भागिले साडेसात म्हणजे ३३. एक लिटर मैलापाणी ३३ लिटर स्वच्छ नदीचा सगळाच्या सगळा प्राणवायू खाऊ शकतं. माशांसाठी लिटरला चार मिलिग्रॅम तरी शिल्लक ठेवायचे म्हटलं तर खर्चायला साडेतीनच उरतात, आणि मग एका लिटरमागे ७१ लिटर नदी लागते. हा प्राणवायू एका क्षणात संपत नाही, काही दिवस लागतात, आणि वाहतं पाणी हवेतून थोडा थोडा परत घेत राहतं. नदी सोसते ती याच्याच बळावर. पण चोपड्याच्या एका दिवसाच्या पाण्यासाठी हा गुणाकार करून पाहा. पहिल्या हिशेबाने २६ कोटी लिटर, दुसऱ्या हिशेबाने ५५ कोटी लिटर. म्हणजे दर सेकंदाला तीन ते साडेसहा घनमीटर स्वच्छ पाण्याचा प्रवाह, रात्रंदिवस, बाराही महिने. रत्नावतीसारखी सातपुड्यातून येणारी नदी एवढं पाणी घेऊन वर्षातून किती दिवस वाहते, हे तिच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्यात आपला मे महिना. पाणी ३५ अंशांवर गेलं की प्राणवायू लिटरला सात मिलिग्रॅमच्याही खाली येतो. त्याच वेळी उष्णतेने जिवाणूंची भूक वाढते, आणि त्याच वेळी नदीत पाणी सर्वांत कमी असतं. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो, दोन्ही एकाच आठवड्यात. उन्हाळ्यात डोहातले मासे पहाटे मेलेले दिसतात, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेतं.

जमिनीचा उतार सातपुड्याकडून तापीकडे आहे, त्यामुळे पाणी कुठल्याही नाल्याने गेलं तरी शेवटी तापीकडेच जाणार. आणि तापी तर मोठी. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम, ७२४ किलोमीटर लांबी, ६५,१४५ चौरस किलोमीटरचं खोरं आणि त्यातलं ५१,५०४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात. निमगव्हाणच्या पुलावरून पावसाळ्यात खाली पाहिलं तर पोटात गोळा येतो. एवढ्या पाण्यात एका गावाचं गटाराचं पाणी कुठल्या कुठे विरून जाईल, असं मलाही वाटायचं. तेही मोजून पाहिलं.

तापीची वर्षाची सरासरी जलसंपत्ती १४.८८ अब्ज घनमीटर धरतात. चोपड्याचं वर्षाचं सांडपाणी २८ लाख घनमीटर. प्रमाण सुमारे एकास ५,२००. एका बाटलीभर पाण्यात चार थेंब टाकावेत इतकं. आता जिवाणू मोजू. मैलापाण्याच्या चहाच्या कपाएवढ्या, १०० मिलिलिटर नमुन्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत, कधी त्याहून जास्तही असतात. एक कोटी धरू. ५,२०० पट पातळ केल्यावर उरतात सुमारे १,९००. उघड्यावर अंघोळ करण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे इष्ट मर्यादा आहे ५००, आणि कमाल २,५००. म्हणजे वर्षभराची अख्खी तापी, महापुराच्या पाण्यासकट, एका चोपड्यावर ओतली तरी पाणी इष्ट मर्यादेच्या जवळपास चौपट राहतं. सूर्यप्रकाश आणि काळ जिवाणू मारतात हे खरं, नाहीतर नदी कधीच संपली असती. पण महापूर जानेवारीत वाहत नाही, आणि काठावर चोपडं एकटं नाही.

इथे जलधी येतो. शंभर मिलिलिटरला एक कोटी, तर लिटरला दहा कोटी, तर ७७ लाख ७६ हजार लिटरमध्ये साधारण आठावर चौदा शून्यं. आठ जलधी. चोपड्यासारख्या गावातून रोज आठ समुद्र कोलिफॉर्म बाहेर पडतात. भास्कराचार्यांनी दिलेलं नाव इतकं चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

आणि त्यांचं वजन? एका जिवाणूचं वजन ग्रॅमचा एक महापद्मांश, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके जिवाणू जमवले तेव्हा एक ग्रॅम होतं. आठ जलधींचं वजन भरतं पाऊण किलोच्या जरासं वर. कापडी पिशवीत मावेल एवढं. ७२ हजार माणसांच्या गावातून नदीला मिळणाऱ्या या अदृश्य पाहुण्यांचं एका दिवसाचं ओझं एवढंच, आणि ते तापीच्या पाण्याची परीक्षा नापास करायला पुरतं. कोलिफॉर्म स्वतः बहुतेक निरुपद्रवी असतात. ते मोजतात ते खूण म्हणून: ते जिथे आहेत तिथे विष्ठा पोचली आहे, आणि विष्ठेबरोबर विषमज्वर, कॉलरा, कावीळ पसरवणारे जंतू पोचू शकतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. त्यांत तापीचा रावेर ते शहादा हा पट्टा आहे. चोपडा या पट्ट्याच्या मधोमध येतं. खाली प्रकाशा, ज्याला आपण दक्षिणकाशी म्हणतो, त्याखाली उकाई धरण, आणि चोपड्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर सुरत, जिथे २०११ मध्येच ४४ लाखांवर माणसं राहत होती आणि हीच तापी पीत होती.

आता मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रक्रिया केंद्रात जाऊ. लोक त्याला एसटीपी म्हणतात, आणि बाहेरून ते फारसं काही दिसत नाही: भिंत, फाटक, चार टाक्या, हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर. पाणी आधी जाळीतून जातं. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, निर्माल्य अडकतं. मग वाळू बसण्याची टाकी, आणि वर तरंगणारं तेल काढणं. शेवभाजीच्या तर्रीचा तवंग घरच्या भांड्यापुरता राहत नाही, तो नळीच्या आत थरावर थर बसतो. यापुढची टाकी ही खरी टाकी. तिथे यंत्र काहीच साफ करत नाही. यंत्र फक्त हवा सोडतं. साफ करतात ते जिवाणू.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात डेव्हीहुल्म इथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे बाटल्यांमध्ये मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडत बसले होते. पहिल्यांदा पाणी पूर्ण निवळायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली: तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवं मैलापाणी ओतलं, पुन्हा हवा सोडली. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. १९१४च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे जाहीर केलं. त्यांना या वाटेवर लावणारे गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. विरजणाशी ओळख असलेल्या आपल्याला हा शोध परका वाटू नये. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालायचा, तसाच कालचा गाळ आजच्या पाण्यात.

त्या विरजणाचा आकार बघा. चालू टाकीतल्या एका लिटरमध्ये एक महापद्म जिवाणू सहज असतात. चोपड्याएवढ्या गावाला अशी पन्नास लाख लिटरची टाकी धरली तर आत पन्नास परार्ध जीव झाले. भास्कराचार्यांची यादी एका परार्धावर संपते. २०१९ मध्ये संशोधकांनी २३ देशांतल्या २६९ केंद्रांचा गाळ तपासला आणि अंदाज बांधला की जगातल्या अशा टाक्यांमध्ये मिळून सुमारे एक अब्ज प्रकारचे जिवाणू असावेत. त्यातले सगळीकडे आढळणारे, मुख्य म्हणता येतील असे, फक्त २८ निघाले. चोपडा असो की चिली, ही टाकी थोड्याफार फरकाने तेच अठ्ठावीस घरचे कामकरी चालवतात.

त्यांना रोज लागणारा प्राणवायू म्हणजे माणशी २७ ग्रॅमप्रमाणे जवळपास १,९५० किलो. हा पाण्यात उतरवायचा कसा? तळाशी रबरी पडद्यांतून बारीक बुडबुडे सोडून. एक घनमीटर हवेचे दोन मिलिमीटरचे बुडबुडे केले तर ते होतात जवळपास २४ कोटी, आणि त्यांच्या कातडीचं, म्हणजे हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागाचं, क्षेत्र भरतं तीन हजार चौरस मीटर. तीस गुंठे. एका घनमीटर हवेतून पाऊण एकर. त्यातल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा पाण्यात उतरला असं धरलं (आणि हे बरं चाललेल्या केंद्राचं लक्षण आहे) तर दिवसाला ३६ हजार घनमीटर हवा लागते. बुडबुडे साडेआठ महापद्म. पृष्ठभाग १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे २७ हजार एकरांच्या आसपास. एवढी जमीन रोज टाकीच्या तळातून उगवते, चार-पाच मीटर वर चढते आणि फुटून जाते. एखाद्या केंद्राच्या कठड्यावर उभं राहून पाण्याचा तो पांढरा खदखदाट पाहिला, तर हा आकडा डोक्यात ठेवून पाहा. मला तरी त्यानंतर ती घरघर वेगळी ऐकू येते.

या टाकीतलं सगळ्यात भीतिदायक गणित मात्र छोटं आहे. चालू टाकीत लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम प्राणवायू शिल्लक राखतात, आणि जिवाणू तासाला चाळीसेक मिलिग्रॅम या वेगाने तो खातात. ब्लोअर थांबला तर तीन मिनिटांत शिल्लक संपते. तीन मिनिटं. पंखा बंद पडल्यावर आपण खिडकी उघडायला उठतो, तेवढ्यात पन्नास परार्ध जीव गुदमरायला लागतात. काही तासांत गाळ काळा पडतो, कुजक्या अंड्याचा वास सुटतो. पुन्हा विरजण लागायला आठवडेही जातात. म्हणून प्रक्रिया केंद्र बांधणं ही एकदाच करायची गोष्ट आहे आणि चालवणं दर तीन मिनिटांची. लोडशेडिंगच्या रात्री जनरेटर सुरू करणाऱ्या माणसाला आपण कधी पाहिलेलं नसतं. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

शेवटी क्लोरीन. कायद्याने बाहेर पडणाऱ्या पाण्यात १०० मिलिलिटरला एक हजार कोलिफॉर्मपर्यंत मुभा दिली आहे. म्हणजे दहा हजारांतला एकच जिवंत सुटायचा. आठ जलधींचे उरतात आठ खर्व. पाऊण किलोचे ७८ मिलिग्रॅम. आणि बीओडी २५० वरून दहावर आणला, जे चांगल्या केंद्राला जमतं, तर नदीकडून मागायचा प्राणवायू पंचविसाव्या हिश्शावर येतो: सेकंदाला तीन घनमीटर लागत होते तिथे १२० लिटर पुरतात.

खानदेशातल्या शेतकऱ्याशी बोलायचं तर आणखी एक हिशेब द्यायला हवा. माणशी ५.४ ग्रॅम नत्र रोज मैलापाण्यात जातं. चोपड्याचं ३८९ किलो. युरियात मोजलं तर ४५ किलोच्या जवळपास १९ गोण्या, रोज. वर्षाला सुमारे ६,८५०. खत कारखान्यात हे नत्र हवेतून ओढून काढायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. आपण ते नळीवाटे नदीत सोडतो, आणि तिथे त्याच्यावर जलपर्णी पोसते. जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते असं धरलं तरी एका रोपाची वीस आठवड्यांत हजार रोपं होतात. प्रक्रिया केंद्रात यातलं बरंचसं नत्र जिवाणू परत हवेत सोडून देतात, काही पाण्यात उरतं. ते पाणी नीट निर्जंतुक करून ठिबकवर घेतलं, केळीच्या एका झाडाला ऐन उन्हाळ्यात दिवसाला वीस लिटर धरले, तर रोजच्या पाण्यात ३ लाख ८९ हजार झाडं जगतात. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीने साधारण ९० हेक्टर, सव्वादोनशे एकरांच्या आतबाहेर. विहिरी तळ गाठतात त्या महिन्यांत हे पाणी आटत नाही. गाव जेवढं रोज उठतं तेवढं ते येतं. नागपूरला भांडेवाडीतून १३० एमएलडी शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जातं, त्यामुळे तेवढं पाणी धरणातून घ्यावं लागत नाही.

आता नजर वर करून देशाकडे पाहू, पण थोडाच वेळ, कारण इथे आकडे दमवतात. केंद्रीय मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातली शहरं रोज ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार करतात आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ एमएलडीवर. उरलेल्या ५२ हजार एमएलडीने आपलं ४१ दरवाजांचं हतनूर धरण साडेसात दिवसांत काठोकाठ भरेल. उकाईचा ७,४१४ दशलक्ष घनमीटरचा जलाशय, जो भरला की सुरतची झोप उडते, १४२ दिवसांत. महाराष्ट्रात तयार होतं ९,१०७ एमएलडी, प्रक्रिया होते ४,२४२ वर. राहिलेल्या पाण्याचे टँकर एकामागे एक लावले तर रोजची रांग ३,९०० किलोमीटर. देशाची उत्तर-दक्षिण लांबी आहे ३,२१४.

पण यातला मला सर्वांत जास्त खुपणारा आकडा वेगळाच आहे. महाराष्ट्रात उभारलेली क्षमता होती ६,८९० एमएलडी. म्हणजे २,६४८ एमएलडीची क्षमता बांधून तयार होती, काँक्रीट ओतलं होतं, फिती कापल्या होत्या, आणि त्यातून पाणी जात नव्हतं. कुठे घरं गटारीला जोडलेली नाहीत, कुठे मोठी नळी केंद्रापर्यंत पोचलेली नाही, कुठे वीजबिल, कुठे बंद पडलेला पंप. हा रिकामा वाटा पावणेआठने भागला तर उत्तर येतं ३४०. तीनशे चाळीस चोपडे शुद्ध होतील एवढी क्षमता, नुसती उभी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि घनकचऱ्यापोटी राज्यावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची भरपाई लावली आणि सांडपाण्याच्या तुटीला एमएलडीमागे दोन कोटींचा दर धरला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या दराने चोपड्याएवढ्या गावाचे साडेपंधरा कोटी होतात, माणशी २,१६० रुपयांच्या आसपास. एक लाखाच्या आतल्या शहरांचं वापरलेलं पाणी १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात नव्याने घेतलं गेलं. चोपडं त्याच मापात बसतं.

एवढे महापद्म आणि परार्ध झाल्यावर सगळं परत ७२ हजारांनी भागायला हवं. एका एमएलडीला साधारण दोनशे युनिट वीज लागते. चोपड्याला दिवसाला दीड हजारांवर. एका माणसाच्या वाट्याला येते २२ वॉट-तास. देवघरातला किंवा ओट्यावरचा नऊ वॉटचा एलईडी दिवा सव्वादोन-अडीच तास जळतो तेवढी. आणि प्राणवायू? माणूस दिवसभरात श्वासातून आठशे ग्रॅमच्या आसपास वापरतो. आपल्या सांडपाण्याचे २७ ग्रॅम म्हणजे आपलाच पाऊण तासाचा श्वास. रोज प्रत्येकाच्या नावावर पाऊण तास. तो ब्लोअरने दिला नाही तर मासे आणि झिंगे यांच्या वाट्यातून जातो.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस असतो. मुलताईपासून सुरतेपर्यंत काठावर आरत्या होतात, साडीचोळी वाहतात, दिवे सोडतात. तेव्हा नुकतं नवं, गढूळ, लाल पाणी आलेलं असतं आणि त्याच्यात सगळं लपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चोपड्यात नळाला पाणी येतं. आधी एका गल्लीत, मग दुसऱ्या. सात वाजेपर्यंत सेकंदाला दोनशे लिटर, आणि त्यातला प्रत्येक लिटर उतार शोधत दक्षिणेकडे निघालेला.